वाऱ्याच्या नोंदीतले खाडे: दर पावसाळ्यात तुटणारी तासवार फाइल कशी सांधायची

तक्रार बहुतेक वेळा एकाच चालीवर येते. स्वयंचलित हवामान केंद्र कृषी महाविद्यालयाच्या शेतावरचं असो, साखर कारखान्याच्या ऊसविकास विभागाचं असो की शेतकरी उत्पादक कंपनीनं हौसेनं बसवलेलं असो. दहा-बारा वर्षांची वाऱ्याची तासवार नोंद असते, पण जून उजाडला की तिच्यात खाडे पडायला लागतात. दिवाळीच्या आसपास कुणीतरी बसून ते सरासरीनं भरून टाकतं. मग पिकाच्या पाण्याची गरज कमी निघते, शेजारच्या महसूल मंडळाच्या आकड्याशी मेळ बसत नाही, आणि कुणी पवनचक्कीचा अंदाज काढायला घेतला तर तो भलतीकडेच जातो. पुढच्या जूनमध्ये पुन्हा तेच.

भरायचं कसं, हा प्रश्न खरं तर शेवटचा. खाडा कशानं पडला हे आधी कळलं पाहिजे. आपल्याकडे नोंद वाटेल तेव्हा तुटत नाही, बहुतेकदा वारा जोरात असतानाच तुटते. वळवाची वीज मे महिन्यात पडते, ढगांमुळे बॅटरी जुलैत बसते, आणि मराठवाड्यातला वर्षाचा मोठा वारा असतो तोही जून ते ऑगस्ट याच काळात. त्यामुळे फाइलमध्ये उरलेले आकडे शांत दिवसांकडे झुकलेले असतात.

हे झुकणं किती महागात पडतं ते साध्या हिशोबात बघा. समजा, पावसाळ्याचे चार महिने सरासरी १६ किमी/तास वारा आहे आणि बाकीचे आठ महिने ८ किमी/तास. वर्षाची सरासरी १०.७ निघते. आता जुलै-ऑगस्ट पूर्ण गायब झाले आणि उरलेल्या दहा महिन्यांची सरासरी काढली, तर ९.६ येते. दहा टक्क्यांचा फरक, चालवून घेऊ म्हणाल. पण वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. त्याच आकड्यांचे घन करून बघितलं तर तूट २८ टक्क्यांची. बीड-धाराशिवच्या पठारांवर पवनचक्क्यांसाठी जमिनीचे सौदे होतात तिथं २८ टक्के म्हणजे काय, हे सांगायला नको.

आधी ओळी मोजा

साध्या वर्षाच्या तासवार फाइलमध्ये ८,७६० ओळी असायला हव्यात, लीप वर्षात ८,७८४. पहिली तपासणी एवढीच, आणि निम्म्या फाइली इथंच गळतात. कारण बरेच लॉगर (सेन्सरचे आकडे साठवणारी यंत्रं) बंद पडले की रिकामी ओळ लिहीत नाहीत, ओळच लिहीत नाहीत. रात्री दोनच्या खाली थेट सकाळचे नऊ असतात. वरवर फाइल सलग दिसते, आलेखातही दोन टिंबांमधून सरळ रेघ जाते, आणि खाडा आहे हेच कुणाला कळत नाही. म्हणून आधी पहिल्या तासापासून शेवटच्या तासापर्यंतचा कोरा वेळपट तयार करायचा आणि हाती असलेली नोंद त्यावर बसवायची. एक्सेलमध्ये व्ही-लुकअपनं होतं, पायथनमध्ये रीइंडेक्सनं. जे तास रिकामे राहतील ते खरे खाडे.

एक्सेलबद्दल इथंच सांगून ठेवतो. तारीख-महिना उलटे वाचायची त्याची खोड सगळ्यांना माहीत आहे. ०३/०७ म्हणजे तीन जुलै की सात मार्च, हे ते तुमच्या संगणकाच्या सेटिंगवर ठरवतं, आणि १३ तारखेपासून पुढचं वाचता आलं नाही की त्याचा मजकूर करून ठेवतं. फाइलमध्ये प्रत्येक महिन्याचे पहिले बारा दिवस भलत्या महिन्यात गेलेले दिसले, तर सेन्सरला हात लावू नका, तारखेचं स्वरूप बघा. दुसरं, तासवार नोंदीला एक्सेलची १०,४८,५७६ ओळींची मर्यादा कधी आड येत नाही, पण दहा मिनिटांची मूळ नोंद असेल तर वर्षाला ५२,५६० ओळी होतात आणि वीस वर्षं पुरी व्हायच्या आत पान भरतं. पुढच्या ओळी ते उघडताना कापून टाकतं. एकदा इशारा देतं, आपण ओके दाबतो.

मग शून्यं. शून्य म्हणजे वारा नव्हता, आणि रिकामं म्हणजे माहीत नाही. या दोन गोष्टी एकाच खान्यात एकाच खुणेनं लिहिल्या की ती फाइल पुढे कुणीच सोडवू शकत नाही. काही लॉगर सेन्सरची तार तुटली तरी शून्यच लिहितात, कारण वाटीच्या वेगमापकाकडून (वाऱ्यानं फिरणाऱ्या वाट्यांचा मापक) एकही स्पंद आला नाही. काही -९९९ लिहितात, आणि तो आकडा सरासरीत गेला की महिन्याचा वारा उणे निघतो. तो निदान पटकन पकडता येतो. शून्य पकडता येत नाही. माझा नियम असा: ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रात्री सलग सहा-आठ तास शून्य असतील तर शंका घेत नाही, तेव्हा वारं खरंच पडलेलं असतं. पण जुलैच्या दुपारी सलग तीन तास शून्य आणि शेजारचं केंद्र १५ किमी/तास दाखवतंय, तर ते शून्य मी शून्य धरत नाही. तसंच एकच आकडा, म्हणजे ४.३, ४.३, ४.३, दहा तास. वारा दशांशापर्यंत तसाच्या तसा कधी राहत नाही. लॉगर जुनाच आकडा पुन्हा पाठवतोय.

खाड्यांचा नकाशा काढा

माझ्या मते या सगळ्या कामात सर्वांत उपयोगी कागद हाच. आडवे २४ खाने, तास. उभ्या ३६५ ओळी, दिवस. नोंद असेल तो खाना पांढरा, नसेल तो काळा. एक्सेलच्या रंगभरणीत दहा मिनिटांत होतो. तो भिंतीवर लावा आणि लांबून बघा. प्रत्येक बिघाडाचा काळा आकार वेगळा असतो.

पहाटे तीन-चारपासून सकाळी आठ-नऊपर्यंत काळं, तेही ढगाळ आठवड्यांत, रोज थोडं लवकर सुरू होत जाणारं: बॅटरी. सौरपट्टीवर धूळ आणि पक्ष्यांची घाण बसलेली असते, १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी चार-पाच वर्षांची झालेली असते. दिवसा पट्टीच्या जोरावर लॉगर चालतो, रात्री ओढत नेतो आणि पहाटे मान टाकतो. नवीन सेन्सर मागवण्याआधी पट्टी ओल्या फडक्यानं पुसा आणि पहाटेचं व्होल्टेज बघा. लॉगर बॅटरीचं व्होल्टेजही नोंदवत असेल तर ते तासवार फाइलमध्ये शेजारच्या स्तंभात कायम ठेवा. पुढच्या वर्षी अर्ध्या प्रश्नांची उत्तरं त्याच स्तंभात मिळतील.

एप्रिल-मेमध्ये दुपारी चार ते सहाच्या दरम्यान एकदम सुरू होणारं आणि मग दिवसेंदिवस सलग काळं: वीज. वळवाच्या पावसात खांबावर किंवा जवळपास पडली. इथं एक बारीक गोष्ट बघायची. काळं सुरू व्हायच्या आधीचे एक-दोन तास नीट वाचा. वादळाचा झोत त्यात अर्धाच उतरलेला असतो. समजा, त्या तासातल्या साठपैकी वीस मिनिटांचीच नोंद आहे, आणि ती वीस मिनिटं वारा सुटायच्या आधीची. लॉगरनं त्याचीच तासाची सरासरी लिहिली असेल तर तो तास भरलेला दिसतो पण खोटा असतो. तासातली निदान ८० टक्के नोंद नसेल तर मी तो तास रिकामाच धरतो.

महिन्याच्या ठरावीक तारखेपासून काळं आणि मग एकदम पांढरं: सिमकार्डाचं रिचार्ज संपलं. किंवा गावातल्या टॉवरचा डिझेल जनरेटर बंद होता. हा खाडा खरा खाडा नसतो. सर्व्हरवर आकडे पोचले नाहीत, पण लॉगरच्या पोटात ते असतात. लॅपटॉप आणि केबल घेऊन जा, उतरवून आणा. मात्र वेळेत जा. लॉगरची स्मृती गोल फिरते, भरली की जुन्यावर नवं लिहीत जाते. दोन महिन्यांनी गेलात तर सर्व्हरवरही नाही आणि लॉगरमध्येही नाही. नुसत्या ऑनलाइन फाइलवर विसंबून खाडे गणितानं भरत बसणारे लोक मी पाहिलेत, आणि खरे आकडे तीन किलोमीटरवर खांबाच्या पेटीत पडून होते.

विस्कटलेले, एकेक तासाचे काळे ठिपके: सैल जोड, पेटीत शिरलेला ओलावा, कधी मुंग्या. जोडांवरची हिरवी पुटी खरवडा, पेटीच्या तोंडाशी रबर बदला, पुढे चला.

नोंद आहे, पण खरी आहे का

याला मी जास्त वेळ देतो, कारण खाडा निदान दिसतो, घसरलेला सेन्सर दिसत नाही. वर्षागणिक वारा कमी होत चाललेला दिसला की लोक लगेच हवामानबदलावर येतात. त्याआधी दोन गोष्टी तपासायच्या.

पहिली, वेगमापकाचं बेअरिंग. काळ्या मातीची बारीक धूळ आत जाते, तेल सुकतं, घर्षण वाढतं. नवा वाटीचा मापक अर्ध्या मी./से.च्या आसपास फिरायला लागतो. झिजलेल्याला त्याच्या दुप्पट-तिप्पट वारा लागतो. जोराच्या वाऱ्यात फरक फारसा कळत नाही. कळतो तो मंद वाऱ्यात, म्हणजे शून्य तासांची संख्या वर्षागणिक वाढत जाते.

दुसरी, आडोसा. बालाघाट डोंगररांगेच्या पायथ्याला एका केंद्राचा वारा तीन वर्षं हळूहळू खाली येत होता. तिथं राखण करणारे काका म्हणाले, "साहेब, बाजूला ऊस लागल्यापासनं वारं कमीच दाखवायलंय बघा." त्यांनी एका वाक्यात निदान केलं होतं. वेगमापक दोन मीटरवर, आणि कुंपणापलीकडे तीन मीटर उंच ऊस. अडथळ्याच्या उंचीच्या दहापट अंतर मोकळं हवं, हा जागतिक हवामान संघटनेचा दंडक. तीन मीटर उसाला तीस मीटर. प्रत्यक्षात तिथं तीस फूटही नव्हतं.

दोन्हीत वारा कमीच दिसतो, मग ओळखायचं कसं? दिशेवरून. आपलं केंद्र आणि भरवशाचं शेजारचं केंद्र यांचं गुणोत्तर काढा, पण वाऱ्याच्या दिशेप्रमाणे आठ भाग पाडून. आडोसा असेल तर एक-दोन दिशांचंच गुणोत्तर पडलेलं असतं, बाकीच्या दिशा ठीक असतात. शिवाय ऊस तोडून गेला की ते एकदम सुधारतं. बेअरिंग असेल तर सगळ्याच दिशा सारख्या बसलेल्या असतात आणि तोडणीचा काही संबंध नसतो. बेअरिंग बदलता येतं. आडोशाच्या काळातली नोंद मात्र त्या दिशांपुरती वगळायची किंवा खूण करून बाजूला ठेवायची. एकच गुणक लावून सगळा वारा वर उचलायचा मोह टाळा, नाहीतर चांगल्या दिशांची नोंदही नासते.

घड्याळ: अर्ध्या तासाचा घोळ

शेजारच्या केंद्राशी किंवा जागतिक डेटाशी तुलना करायची तर वेळ जुळलीच पाहिजे, आणि आपल्याकडे ती सहज जुळत नाही. भारतीय प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. हा अर्धा तास तासवार नोंदीत अडचण करतो. कुणी पाच तास मिळवतं, कुणी सहा, आणि दुपारच्या वाऱ्याचा चढउतार एका घरानं सरकतो.

प्रत्यक्षात तोडगा सोपा आहे. ईआरए५ या युरोपीय पुनर्विश्लेषणातला (जुनी निरीक्षणं आणि संगणकी हवामान-प्रारूप जुळवून केलेल्या जगभरच्या नोंदीतला) वारा त्या त्या क्षणाचा असतो. तिथले ग्रिनिचचे ०६:०० म्हणजे आपले सकाळचे ११:३०. आपल्या केंद्रावर "१२:००" या ओळीत ११ ते १२ या तासाची सरासरी असेल, तर त्या तासाचा मध्य नेमका ११:३०. म्हणजे जोडी आपोआप लागली, मधले आकडे काढायची गरजच नाही. फक्त आपला लॉगर तासाच्या शेवटचा शिक्का मारतो की सुरुवातीचा, हे माहीत हवं. सुरुवातीचा मारत असेल तर तीच जोडी "११:००" या ओळीशी लावायची. खात्री करायची तर दोन मालिका एकेक तास मागेपुढे सरकवून सहसंबंध, म्हणजे दोन्ही किती एकत्र वरखाली होतात त्याचा आकडा, काढा. सर्वांत मोठा आकडा शून्य सरकवणीवर आला पाहिजे. एक-दोन वर्षं शून्यावर आणि मधलेच काही महिने दुसरीकडे येत असतील, तर त्या काळात लॉगरचं घड्याळ बदललेलं आहे. बॅटरी पूर्ण बसली की काही लॉगर २००० सालच्या १ जानेवारीपासून मोजायला लागतात, आणि मग कुणीतरी हातानं अंदाजे वेळ लावून देतं.

जुन्या कृषी-हवामान वेधशाळांच्या वह्या वापरत असाल तर आणखी एक गाठ आहे. तिथली निरीक्षणं सकाळी ७ आणि दुपारी २ वाजता घेतात, पण स्थानिक सूर्यमानानं. परभणी ७६.८ पूर्व रेखांशावर, प्रमाणवेळ ८२.५ची. दर अंशाला चार मिनिटं धरली तर फरक सुमारे २३ मिनिटांचा. म्हणजे परभणीचे वहीतले सात म्हणजे घड्याळातले सात तेवीस.

एकक आणि उंची थोडक्यात. १ मी./से. म्हणजे ३.६ किमी/तास, १ नॉट म्हणजे १.८५२ किमी/तास. विमानतळाच्या अहवालात वारा नॉटमध्ये आणि वेळ ग्रिनिचची असते, छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाचे आकडे घेताना दोन्ही बदलायचं. उंचीचं म्हणाल तर हवामानशास्त्राचा दंडक १० मीटर, कृषी वेधशाळेचा वेगमापक १० फुटांवर म्हणजे सुमारे ३ मीटर, आणि अन्न व कृषी संघटनेच्या पिकाच्या पाण्याची गरज काढायच्या १९९८ सालच्या पेनमन-माँटीथ पद्धतीला हवा २ मीटरचा वारा. छाटलेल्या गवतावर १० मीटरचा वारा ०.७५नं गुणला की २ मीटरचा मिळतो, ३ मीटरचा ०.९२नं. वेगवेगळ्या केंद्रांचे आकडे शेजारीशेजारी ठेवण्याआधी ते एका उंचीला आणा. आणि मापक कधी दोनावरून तीनवर नेला असेल तर ती तारीख शोधून काढा, कारण ती आलेखात पायरीसारखी दिसते आणि लोक तिला वारा वाढला म्हणतात.

आता भरायला घ्या

एक-दोन तासांचा खाडा: अलीकडचा आणि पलीकडचा आकडा सरळ रेघेनं जोडा. तीन तासांच्या पुढे ही पद्धत नको. सकाळी सातला ३ आणि संध्याकाळी सातला ४ किमी/तास असेल, तर मधली रेघ दुपारचा वारा पूर्णच खाऊन टाकते. उन्हाळ्यात दुपारी दोन-तीनला वारा रात्रीच्या दुपटीवर असतो, तो त्या रेघेला माहीत नसतो. आणि मेघगर्जनेच्या संध्याकाळी एक तासाचा खाडाही रेघेनं जोडू नका.

त्या महिन्याच्या त्या तासाची सरासरी टाकणं ही सर्वांत लोकप्रिय आणि माझ्या मते सर्वांत वाईट पद्धत. सरासरी टिकते, चढउतार मरतात. दोन तासांचा वारा ३ आणि ९ मी./से. असेल तर सरासरी ६. सहाचा घन २१६. पण खऱ्या दोन घनांची सरासरी (२७ + ७२९) ÷ २, म्हणजे ३७८. फाइलमध्ये सहा-सहा लिहिलं की ऊर्जेचा आकडा जवळजवळ निम्म्यावर येतो. केळीबागेला किती जोराचा वारा लागला हे शोधणाऱ्यालाही तो नऊचा तास कधीच सापडणार नाही, आणि फळपीक विम्यात तर वाऱ्याच्या वेगावरच भांडण असतं.

वेधशाळेत वाटीचा यांत्रिक मोजणी-मापक शिल्लक असेल तर तुमच्यासारखे भाग्यवान तुम्हीच. तो तासवार काही सांगत नाही, पण दिवसभरात वारा किती किलोमीटर वाहिला हे सांगतो, आणि त्याला वीज लागत नाही. तासवार किमी/तास आकड्यांची २४ तासांची बेरीजही नेमकी तेवढेच किलोमीटर असते. समजा, उंचीची दुरुस्ती करून मापक म्हणतो दिवसाचे १९० किमी. स्वयंचलित केंद्राच्या चांगल्या अठरा तासांची बेरीज ११८. राहिलेल्या सहा तासांत ७२ किमी वाहिला, म्हणजे सरासरी १२ किमी/तास. त्या सहा तासांतला चढउतार शेजारच्या केंद्रावरून घ्यायचा आणि बेरीज ७२ येईल असा गुणून बसवायचा. यापेक्षा पक्का भराव दुसरा नाही. फक्त मापकाचा दिवस सात तेवीसला सुरू होतो हे विसरायचं नाही.

बाकी ठिकाणी सहा तासांपासून पंधरवड्यापर्यंतचा खाडा शेजारच्या केंद्रावरून. राज्य सरकारच्या महावेध प्रकल्पाची महसूल मंडळ पातळीवरची स्वयंचलित केंद्रं आल्यापासून शेजार जवळ आला आहे. पण जवळचा म्हणजे सारखा नव्हे. बालाघाटावरच्या केंद्राला खाली गोदाकाठचं केंद्र दहा किलोमीटरवर असूनही कामाचं नसतं. त्यापेक्षा पठारावरचंच चाळीस किलोमीटरवरचं बरं. दोन्हीकडे चांगली नोंद असलेले तास घेऊन गुणोत्तर काढायचं, तेही महिन्यागणिक आणि दिवसाच्या चार प्रहरांगणिक वेगळं. जूनच्या दुपारचं गुणोत्तर डिसेंबरच्या पहाटेला लागू पडत नाही.

साधं प्रतिगमन, म्हणजे शेजाऱ्याच्या आकड्यावरून आपला काढायचं सरळ रेघेचं सूत्र, वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. सहसंबंध ०.८ असेल तर भरलेल्या आकड्यांचा पसरट (सरासरीभोवतीचा फैलाव) खऱ्याच्या ८० टक्केच येतो. शांत तास थोडे वाऱ्याचे होतात आणि जोराचे तास थोडे मवाळ. त्यापेक्षा क्रमवारीची जुळणी करा. दोन्ही केंद्रांचे त्या मोसमाचे आकडे लहान ते मोठे असे लावा. शेजाऱ्याचा आजचा वारा त्याच्या रांगेत शंभरात नव्वदाव्या जागी असेल, तर आपल्या रांगेतला नव्वदाव्या जागचा आकडा घ्या. पसरट टिकतो, शून्यंही योग्य प्रमाणात येतात, आणि उणे वारा कधी निघत नाही. प्रतिगमनातून तो निघतो, आणि लोक तो गुपचूप शून्य करतात.

महिनाभराहून मोठा खाडा असेल किंवा शेजारीही त्याच वादळात झोपले असतील, तर ईआरए५ किंवा नासाचं मेरा-२. पहिलं १९४० पासून, दुसरं १९८० पासून, दोन्ही तासवार, दोन्ही फुकट. ईआरए५मध्ये वारा पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण अशा दोन घटकांत येतो, दोघांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचं. घटकांची आधी दिवसाची सरासरी काढून मग वर्गमूळ घेतलं तर वेग कमी येतो, कारण उलटसुलट दिशा एकमेकींना खोडतात. पण हे आकडे जसेच्या तसे फाइलमध्ये ओतू नका. ईआरए५चा एक चौकोन सुमारे ३१ किलोमीटरचा. पाटोद्याची घाटकड आणि खालचं खोरं त्यात एकाच घरात राहतात. क्रमवारीची जुळणी इथंही करायचीच. वळवाचा झोत मात्र यातून येणार नाही, तेवढ्या लहान वादळाला ते जाळं फार मोठं आहे.

आणि काही खाडे रिकामेच ठेवायचे. विजेच्या संध्याकाळचे तास मी भरत नाही. तिथं कुठलाही आकडा लिहिला तरी तो बनावट असतो.

भराव पारखून घ्या

पूर्ण नोंद असलेलं एक वर्ष निवडा. खाड्यांच्या नकाशातले खऱ्या वर्षाचे काळे आकार त्याच्यावर ठेवा आणि तेवढे तास मुद्दाम पुसा. इकडेतिकडे एकेक तास पुसून चाचणी घेतली तर कुठलीही पद्धत छान दिसते, पण तुमचे खाडे तसे नसतात. मग भरा आणि खऱ्याशी ताडा. सरासरीतला फरक सगळेच बघतात. त्याबरोबर पसरट, घनांची सरासरी, आणि २० किमी/तासच्या वरचे तास किती उरले, हे तीन आकडेही बघा. ज्या पद्धतीत हे चारही बऱ्यापैकी टिकतात ती घ्या, मग ती दिसायला कितीही साधी असो.

फाइलमध्ये मूळ आकड्याचा स्तंभ कधीच बदलायचा नाही. शेजारी दुरुस्त आकडा, त्याच्या शेजारी खूण: ० म्हणजे मोजलेला, १ रेघेनं, २ मोजणी-मापकावरून, ३ शेजारच्या केंद्रावरून, ४ पुनर्विश्लेषणातून, ९ रिकामा. महिन्याच्या सरासरीसोबत खूण शून्य असलेले तास किती टक्के, तेही छापा. वर्षाची सरासरी काढताना आधी महिन्यांची काढा आणि मग बारा महिन्यांची, म्हणजे जुलैत तास कमी असले तरी त्याचं वजन कमी होत नाही. वाऱ्याच्या दिशेची सरासरी साध्या बेरजेनं काढू नका. ३५० आणि १० यांची सरासरी १८० येते, म्हणजे उत्तरेचा वारा दक्षिणेचा होतो.

केंद्रावर एक वही दोरीनं बांधून ठेवा. पट्टी कधी पुसली, बेअरिंग कधी बदललं, बाजूला ऊस कधी लागला आणि कधी तुटला, घड्याळ कुणी लावलं. तारीख आणि सही, बस. ही वही नसेल तर वरची अर्धी तपासणी अंदाजावर जाते.

मे संपायच्या आत करायचं ते असं: बेअरिंग बदला किंवा मापक प्रमाणित करून घ्या, बॅटरी चार वर्षांच्या पुढची असेल तर ती चांगली दिसत असली तरी काढा, पट्टी पुसा, खांबाच्या जमिनीत गेलेल्या अर्थिंगचा जोड उघडून बघा आणि खड्ड्यात पाणी ओता, सिमचं रिचार्ज ऑक्टोबरपर्यंतचं मारा, लॉगरचं घड्याळ मोबाइलच्या घड्याळाशी लावा, आणि त्या दिवशीपर्यंतची सगळी नोंद केबलनं उतरवून दोन ठिकाणी ठेवा. खाड्यांचा नकाशा नंतर जूनपासून दर सोमवारी काढायचा. पहाटेचा पहिला काळा खाना दिसला की त्याच आठवड्यात बॅटरी बघायला जायचं.